गाव आपलं आहे, मग त्याचा अभ्यास कशाला? (आराखड्याआधीची गावपाहणी)

बोरीकाठ (पारोळा)

नमस्कार मंडळी. आमच्या गावाचा विकास आराखडा ठरण्याआधी, म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी, आम्ही दहा-बारा जण मिळून गावाची पाहणी करायची म्हणतोय. घरोघरी जायचं, शिवार पायी फिरायचं, विहिरी मोजायच्या. परवा पारावर विषय काढला तर एक आप्पा पटकन म्हणाले, "गाव आपलं शे. आपले काय माहीत नई शे?"

त्यांना उत्तर देता आलं नाही, आणि ते मनातून जात नाहीये. आप्पांना प्रत्येक बांध माहीत आहे, कुणाची जमीन कुणाकडून आली तेही तोंडपाठ आहे. त्यांना नाही कळत असं कोण म्हणेल?

पण मागच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. नाल्यापलीकडच्या भिल्ल वस्तीत एका मित्राकडे लग्नाचं जेवण होतं. हात धुवायला नळ शोधला तर तो कोरडा. वस्तीकडे जाणारी वाट चढाची आहे आणि पाणी तिथपर्यंत चढतच नाही. कागदावर मात्र शंभर टक्के नळजोडण्या झालेल्या. जोडण्या आहेतच, तोट्याही आहेत. मी चाळीस वर्षं या गावात राहतो, वस्ती माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि मला हे ठाऊक नव्हतं. तिथलं कुणी ग्रामसभेत बोललं नाही, कारण ग्रामसभा सकाळी अकराला भरते आणि त्या वेळी ती माणसं मजुरीवर असतात.

म्हणजे मला माझी गल्ली माहीत होती, गाव नव्हतं. इतर गावांत अशी पाहणी झाली असेल तर कशी केली, काय निघालं, लिहा. आप्पांना काय सांगू तेही सुचवा.

निवृत्त ग्रामसेवक (एरंडोल)

बोरीकाठ, तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. मी तीन तालुक्यांत नोकरी केली, त्यामुळे कागदाची बाजू सांगतो.

पंचायतींना अधिकार देणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये लागू झाली. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आले, आणि गावाने आपलं नियोजन आपण करावं ही अपेक्षा लिखित झाली. पण पैसा वरून योजनेचं नाव घेऊनच यायचा, त्यामुळे नियोजन करायला हातात फारसं काही नसायचं. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ पासून, निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला. त्याच सुमारास आपल्या राज्यात 'आमचा गाव, आमचा विकास' सुरू झालं आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला आराखडा करणं आलं. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के निधी बंधित केला. त्यातला अर्धा पाण्याला, अर्धा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के गावाने ठरवायचा.

आता खरी गोष्ट. गावाकडे स्वतःची माहिती नसली की हा ४० टक्के कुठे जातो? रस्ता, पेव्हर ब्लॉक, कमान, सभामंडप. कारण ही कामं नजरेला दिसतात आणि ती सुचायला अभ्यास लागत नाही. बंधित पैशाचीही तीच गत. गटार कुठून कुठे काढायची हे उतार पाहून नाही, घर पाहून ठरतं. मी स्वतः असे आराखडे टाइप केले आहेत. मागच्या वर्षीची फाईल उघडायची, साल बदलायचं, दोन कामं खालीवर करायची. आज त्याची खंत वाटते.

एकाच गावात वेगळं झालं. तिथल्या शिक्षकाने मुलांकडून आधी घरांची यादी करून घेतली होती. कुठल्या घरी नव्वदीची म्हातारी एकटी, कुठे अपंग मूल, कुणाच्या दारी सांडपाणी साचतं. त्या यादीमुळे सभेत वाद घालायला जागाच उरली नाही. सरपंचांच्या गल्लीचं काम तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि ते त्यांनी मान्य केलं. लोकांनी नुसती मागणी केली असती तर त्यांनी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. समोर यादी होती म्हणून ऐकलं.

आणखी एक. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली कमी संख्या पुरते. पाच हजार मतदारांच्या गावात शंभर सह्यांवर वर्षाचा आराखडा मंजूर होतो. न आलेल्यांचं म्हणणं सभेत पोचवायला तुमच्या पाहणीशिवाय दुसरी वाट नाही.

पांझराकाठ (साक्री)

आप्पांना फड सांगा. पांझरेवर आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात एका वर्षी एकच पीक. कुठल्या फडाला कोणतं पीक, हे शेतकरी एकत्र बसून पाणी पाहून ठरवायचे. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, हवालदार सगळ्यांवर लक्ष ठेवायचा. पाणी कमी असेल तर एखादा फड कोरडा ठेवायचा, पण तो सगळ्यांनी मिळून.

दर साली बंधाऱ्यावर जाऊन पाणी बघायचं आणि मग बसून ठरवायचं, ही पाहणीच नाही का? आपल्या आजे-पणज्यांना 'अभ्यास' हा शब्द लागला नाही, काम तेच होतं. पुढे वरती धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, आणि प्रत्येकाचं पाणी प्रत्येकाच्या बोअरमध्ये गेलं. तेव्हापासून एकत्र बसून बघणं सुटलं. आप्पांच्या पिढीला गाव माहीत आहे ते त्या बसण्यातून. आताच्या तिशीतल्या पोरांना विचारा बोरी नदीला गावापर्यंत किती नाले मिळतात. दोन नावं सांगितली तरी पुष्कळ.

सातपुड्याची लेक (जळगाव)

दादा, तुमच्या दहा-बारा जणांत बाया किती? धाग्यात कुठे उल्लेख दिसला नाही म्हणून विचारते.

माझ्या सासरी चोपडा तालुक्यात बचत गटाच्या बायांनी आणि गड्यांनी गावाचा नकाशा वेगवेगळा काढला होता. एक शाळेच्या पटांगणात, एक मंदिरापुढे. जमिनीवर रांगोळीने, खडे-पानं मांडून. गड्यांच्या नकाशात शेतं, पांदण, सोसायटी, बसथांबा, पार. बायांच्या नकाशात सगळ्यात आधी काय आलं? अंधारात जिथून जायला भीती वाटते तो कोपरा. मग पाण्याच्या जागा, सरपण, अंगणवाडी, दळणाची गिरणी, आणि ज्या घरी दारू गाळतात ते घर. दोन्ही नकाशे एकाच गावाचे होते, पण शेजारी ठेवले तेव्हा गडी गप्प झाले.

नंतर एक सोपी गोष्ट केली. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस मांडला, एक बाईचा, एक गड्याचा. बाई कुठल्या वेळी कुठे असते ते दिसलं. मग कळलं की पाणी सोडायची वेळ आणि शेतात निंदायला निघायची वेळ एकच आहे, म्हणून पोरी पाण्यासाठी शाळेला उशिरा जातात. यात एक रुपयाही खर्च नव्हता. पाणी सोडायची वेळ अलीकडे घेतली आणि प्रश्न सुटला. नुसता आराखडा केला असता तर नवी टाकी मागितली असती.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं कायद्यातच आहे. ती खरंच घ्या. घरोघर सह्या फिरवू नका. आणि ती दुपारी घ्या, भाकरी-धुणं आटोपल्यावर.

केळीबाग (रावेर)

पाण्याचं बोलतो, कारण आमच्याकडे दुसरं काही बोलण्यासारखं उरलं नाही भो. रावेर-यावलच्या जमिनीखालचं पाणी किती ओढलं गेलंय हे साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. आमच्या आज्याची विहीर परसात, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीत, मोजायचे. आता बोअर शेकडो फूट जातात आणि मोटार अडकली की माणूस रडतो.

आम्ही गावात बसून हिशेब केला. तुम्ही पण करा, पाचवी पास माणसाला जमतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. गावाचं शिवार १,००० हेक्टर धरा आणि पाऊस ५०० मिलिमीटर. झालं ५०० कोटी लिटर. आता पिण्याचं बघा. माणशी रोज ५५ लिटर, हाच आकडा जलजीवन मिशनने धरलाय. ३,००० वस्तीच्या गावाला वर्षाला लागतं साधारण ६ कोटी लिटर. ५०० कोटी पडतं आणि ६ कोटी प्यायला लागतं, तरी उन्हाळ्यात टँकर!

पाऊस सगळा मुरत नाही हे खरं. बराच वाफ होतो, बराच नाल्याने तापीला जातो. पण जे मुरतं ते कोण पितं? मोकळ्या पाण्यावरच्या केळीला वर्षाला १,८०० मिलिमीटर ढोबळ धरलं, तर एका हेक्टरला १ कोटी ८० लाख लिटर. म्हणजे साडेतीन हेक्टर केळी अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याएवढं पाणी घेते. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा सभेत कुणी चुळबुळसुद्धा केली नाही. मीच केळीवाला. माझ्याच हाताने लिहिला.

त्यानंतर काही लोकांनी ठिबक घेतलं, काहींनी नाही. मी खोटं सांगणार नाही, बोअर थांबलेले नाहीत. पण आधी भांडण 'माझ्या शेजारच्याने खोल बोअर मारला' इतकंच होतं. आता निदान किती आणि कुठून हे बोलता येतं. विहिरी मोजायला दोरीला लोखंडी वजन बांधा, दर मीटरला गाठ मारा. पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा, त्याच विहिरी, तीच माणसं. एका वर्षाच्या मोजणीवर उड्या मारू नका.

साधा माणूस (भुसावळ)

मी वेगळं लिहितो, राग मानू नका. माझ्या गावात गेल्या काही वर्षांत इतक्या पाहण्या झाल्या की लोक फॉर्म घेऊन येणारा दिसला की दार लावून घेतात. संडास आहे का, गॅस आहे का, उत्पन्न किती, मोबाइल किती. माहिती गेली, परत काही आलं नाही. एका संस्थेने पटांगणात रांगोळीचा नकाशाही काढला होता, फोटो काढले, दुसऱ्या दिवशी पावसात धुऊन गेला. आता पुन्हा 'पाहणी' म्हटलं की माणसं तुमच्याकडे त्याच नजरेने बघतील.

दुसरं, गायरानावर कुणाचं अतिक्रमण आहे हे सगळ्या गावाला माहीत असतं. ते नकाशावर आलं की डोकी फुटतात. झाकलेलं झाकलेलं राहू द्यावं असं म्हणणारी माणसं मूर्ख नसतात. त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

बोरीकाठ (पारोळा)

साधा माणूस, राग कसला, हे लिहिलंत हे बरं केलंत. तुमचा पहिला मुद्दा मला शंभर टक्के पटतो. तिथेच फरक आहे असं वाटतं. बाहेरचा माणूस माहिती घेऊन जातो ती त्याच्या कामासाठी. आम्ही गोळा करू ती गावातच राहायला हवी. आम्ही ठरवतोय की नकाशा कापडावर रंगाने काढायचा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा, वह्या शाळेत ठेवायच्या, आणि प्रत्येक घराला त्यांची नोंद वाचून दाखवायची. चुकली असेल तर त्यांच्यासमोर खोडायची.

गायरानाचं मात्र उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडेही आहे ते. आधी पाणी आणि वाटा घ्याव्यात, त्यात लोकांना एकमेकांबरोबर चालायची सवय व्हावी, आणि मग बघावं असं मनात आहे. घाबरून टाळतोय का, हेही स्वतःला विचारतोय.

तितूर (चाळीसगाव)

शहरवाल्यांनीही यात यावं म्हणून लिहिते.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला तेव्हा आमच्या घरात पाणी होतं. ते ओसरल्यावर भिंतीवर चिखलाची रेघ राहिली. सगळ्यांनी ती धुतली, रंग दिला. मीही दिला. आज वाटतं चूक झाली. त्या रेघा आमच्या गल्ल्यांचा सगळ्यात खरा नकाशा होता. कुठल्या घरात गुडघ्याएवढं, कुठे छतापर्यंत, कुठल्या बोळातून पाणी आधी शिरलं. हे कुठल्याच कागदात नाही. शेजारपाजारच्यांच्या आठवणीत आहे आणि तीही पुसट होत चालली आहे.

गेल्या वर्षी आम्ही काही जणी घरोघर जाऊन विचारत सुटलो. "पाणी कुठपर्यंत होतं?" म्हटलं की माणसं भिंतीला हात लावून दाखवतात. आम्ही तिथे खडूने खूण करून टेपने मोजायचो. एका आजींनी नुसता हात लावला आणि रडायला लागल्या. त्या दिवशी पुढे मोजलं नाही, त्यांच्याकडेच बसलो.

निघालं काय, तर दोन गल्ल्यांत पाणी नदीच्या बाजूने आलं नव्हतं, मागून आलं होतं. जिथून नाला जायचा तिथे आता भराव आणि बांधकाम आहे. नदीकाठची भिंत उंच केली असती तरी त्या गल्ल्या बुडाल्याच असत्या. १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा होतो तेव्हा आधी जमिनीचा सध्याचा वापर नकाशावर आणावा लागतो, मग प्रारूप प्रसिद्ध होऊन हरकती-सूचना मागवतात. ती मुदत मोजक्या दिवसांची. त्या दिवसांत घाईने कुणी काय लिहिणार? आधीपासून हातात मोजमाप असेल तरच नेमकी हरकत लिहिता येते. आमची वही तयार आहे.

धडगावचा (अक्राणी)

जोहार. इथे सगळे उन्हाळा-पावसाळा बोलतायत. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो तो माणसं घरी कधी असतात हा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. जानेवारीत पाहणी केली तर निम्म्या घरांना कुलूप, आणि कागदावर येतं 'कुटुंबसंख्या कमी'. मग रेशन, अंगणवाडी, शाळा, सगळं त्या कमी आकड्यावर. होळीला मात्र सगळे येतात. आमची होळी सगळ्यात मोठी, कुणी चुकवत नाही. पाड्यावर बसून बोलायचं तर तेव्हाच.

'गाव' म्हणजे काय हाही प्रश्न आहे. आमचं एक महसुली गाव म्हणजे डोंगरांवर पसरलेले आठ-नऊ पाडे. एका पाड्यातून दुसऱ्यात जायला तास लागतो. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, आपल्या राज्याचे नियम २०१४ चे. त्यात पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा घेता येते आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी मिळतो. पण पाड्याने आपली हद्द, आपलं पाणी, आपलं जंगल नीट मांडलेलं असेल तरच तो पैसा कामाला येतो.

वनहक्क कायद्याच्या सामूहिक दाव्यासाठी आम्ही हद्द फिरलो तेव्हा म्हातारे पुढे आणि आम्ही मागे होतो. कुठल्या झाडाखाली देव, कुठल्या दरडीपर्यंत गुरं, मोहाची झाडं कुणाकुणाची. वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तो दाव्यात पुरावा धरला जातो. बोरीकाठभाऊ, तुमच्या आप्पांना हे सांगा. त्यांना सगळं माहीत आहे हे खरंच आहे. पण ते कागदावर नाही, आणि त्यांच्यानंतर ते जाणार.

साक्रीचं बारीपाडा तर सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडेही आनंद झाला. जंगल राखायला कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावाने स्वतः ठरवली आणि पाळली. मला तिथली वनभाजी स्पर्धा जास्त भावते. बाया जंगलातून भाज्या आणून मांडतात, नावं सांगतात, रांधून दाखवतात. कोणत्या भाजीला कोणता महिना, ती कुठल्या उतारावर, आजाऱ्याला कोणती. जंगलात काय शिल्लक आहे याची ती दर वर्षाची मोजणीच आहे, फक्त चुलीवर होते.

पांझराकाठ (साक्री)

धडगावच्या भाऊंच्या लिखाणावरून एक राहिलेलं. शिरपूरला २००४ पासून नाले खोल-रुंद करायचं काम झालं, त्यात भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी आधी जमिनीखाली काय आहे ते पाहिलं. त्याच तालुक्यात कुठे तापीचा गाळ, कुठे काळा कातळ. गाळात वरचा चिकट थर फोडला की पाणी खाली वाळूत जातं, कातळात तसं होत नाही. पुढे नाव ऐकून कित्येक गावांनी सरळ पोकलेन लावला. आमच्या शेजारच्या गावातही लावला. पहिल्या पावसात पाणी दिसलं, डिसेंबरात नाला कोरडा. आपल्या शिवारात कुठला दगड आहे ते विहिरीच्या कठड्यावर वाकून बघितलं असतं तरी कळलं असतं.

निवृत्त ग्रामसेवक (एरंडोल)

बोरीकाठ, जनगणना २०११ नंतर झालेली नाही, ती आता २०२७ ला होणार. तुमच्या गावाचे जे आकडे सगळीकडे वापरतात ते इतके जुने आहेत. घरयादी कराल तेव्हा २०११ चा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा. पंचायत समितीत बोलताना फार उपयोगी पडतं. नमुना ८ ची, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीची, प्रत ग्रामपंचायतीत मिळेल, गावनकाशा तलाठ्याकडे बघा.

बोरीकाठ (पारोळा)

सगळ्यांचे आभार. दोन दिवसांत इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सातपुड्याच्या लेकीला सांगतो, आमच्या यादीत दोनच बाया होत्या. आता आशाताई आणि बचत गटाच्या चौघी धरून सात झाल्या. भिल्ल वस्तीची बैठक रात्री आठला, त्यांच्याच अंगणात ठेवली आहे.

आप्पांकडे काल गेलो होतो. धडगावचं आणि फडाचं, दोन्ही वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की फडाचं त्यांच्या मामाच्या गावी पाहिलंय. नंतर मीच विचारलं, आपल्या शिवारात नाले किती? त्यांनी बोटं मोजत सात नावं सांगितली. माझ्या वहीत चार होती. उरलेल्या तीनांपैकी एक आता सपाट शेत आहे, आणि मागच्या दोन पावसाळ्यांत शाळेच्या आवारात पाणी शिरतं ते बरोबर त्याच्या खालच्या अंगाला.

रविवारी सकाळी सहाला मारुतीपासून निघतोय. आप्पांचे गुडघे दुखतात म्हणून बैलगाडी सांगितली आहे. केळीबागभाऊ, दोरीला गाठी मारून झाल्या, पण वजन किती किलोचं लावता?

केळीबाग (रावेर)

एक किलो पुरे. जुनं वजनकाट्याचं माप असेल तर तेच बांधा. पाण्याला टेकल्याचा आवाज येतो, कान देऊन ऐका. आणि आप्पांनी सांगितलेली सातही नावं त्याच दिवशी वहीत लिहा.